नवीन कम्प्युटरवर जाण्याआधी रेकॉर्डिंगच्या प्रोजेक्टचा बॅकअप कसा घ्यायचा

नवीन कम्प्युटर आला की जुन्यावरचे सगळे फोल्डर हार्ड डिस्कवर ओढायचे आणि नव्यावर टाकायचे, एवढंच काम आहे असं वाटतं. फोटो आणि कागदपत्रांच्या बाबतीत ते खरंही आहे. रेकॉर्डिंगच्या प्रोजेक्टचं मात्र तसं नसतं. नव्या मशीनवर प्रोजेक्ट उघडतो, ट्रॅकची नावं दिसतात, रंग दिसतात, मिक्सरवरचे फेडर जागच्या जागी असतात, आणि प्ले दाबल्यावर निम्मे ट्रॅक गप्प. तोवर जुना कम्प्युटर फॉरमॅट करून कुणाला देऊन टाकला असेल, तर ते आवाज शोधायला जागाच उरत नाही.

घरच्या घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या आणि पहिल्यांदाच मशीन बदलणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. एक गोष्ट आधीच सांगतो: जुनं मशीन धडधाकट चालत असतानाच हे काम हातात घ्या. पुढच्या बहुतेक पायऱ्या प्रोजेक्ट जुन्या मशीनवर, त्याच्या सगळ्या प्लग-इनसह (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडलेले वाद्यांचे आणि इफेक्टचे छोटे प्रोग्रॅम) उघडूनच करता येतात. ते मशीन बंद पडलं की नुसत्या फाइली हातात राहतात.

प्रोजेक्टच्या फाइलमध्ये आवाज नसतो

हे एकदा समजलं की बाकीच्या पायऱ्या आपोआप पटतात. तुम्ही 'सेव्ह' करता ती फाइल सहसा खूप लहान असते, कारण तिच्यात रेकॉर्ड केलेला आवाज नसतोच. कुठल्या ट्रॅकवर कुठली आवाजाची फाइल आहे, ती कितव्या सेकंदाला सुरू होते, कुठे कापली आहे, तिच्यावर कुठले इफेक्ट आहेत, एवढीच नोंद तिच्यात असते. ही पत्त्यांची वही आहे. माणसं वहीत राहत नाहीत.

रीपर हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर वापरत असाल तर हे डोळ्यांनी बघता येतं, कारण रीपरच्या प्रोजेक्टची फाइल साध्या मजकुराची असते. तिची एक कॉपी करा आणि ती कॉपी नोटपॅडमध्ये उघडा. खाली खाली जात राहिलात की प्रत्येक क्लिपपाशी 'फाइल' असा शब्द आणि त्यापुढे अवतरणचिन्हांत एक पत्ता दिसेल. पत्त्यात नुसतं फाइलचं नाव असेल, किंवा आधी प्रोजेक्टच्याच आतल्या एखाद्या फोल्डरचं नाव असेल, तर ती फाइल प्रोजेक्टच्या सोबतच आहे. पण पत्ता ड्राइव्हच्या अक्षरापासून सुरू होऊन डाउनलोड्स फोल्डरमधल्या एखाद्या ड्रम लूपपाशी (पुन्हा पुन्हा वाजवायच्या ड्रमच्या छोट्या तुकड्यापाशी) संपत असेल, तर ती लूप प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये नाही. फोल्डर कॉपी केलात तर ती मागेच राहणार.

प्रत्येक सॉफ्टवेअर थोडं वेगळं वागतं. ऑडॅसिटीने २०२१ मध्ये ३.० आवृत्तीपासून आवाज आणि नोंदी एकाच फाइलमध्ये ठेवायला सुरुवात केली. त्याआधीच्या प्रोजेक्टला मात्र शेजारी 'डेटा' नावाने संपणारा एक फोल्डर लागतो. तो नसेल तर ती जुनी फाइल निरुपयोगी आहे. लॉजिक आणि गॅरेजबँडचा प्रोजेक्ट मॅकवर एकच फाइल दिसतो, पण प्रत्यक्षात तो आत बरंच काही ठेवता येणारा फोल्डर असतो. तरीही सगळं आतच आहे असं गृहीत धरू नका. लॉजिकमध्ये आवाजाच्या फाइली आत घ्यायच्या की नाही हे सेटिंगवर ठरतं.

आणि आवाजाच्या फाइली हा एक भाग झाला. सॅम्पलरमध्ये (आवाजाचे तुकडे वाद्यासारखे वाजवणाऱ्या प्लग-इनमध्ये) टाकलेली सॅम्पल म्हणजे ते तुकडे, रिव्हर्बसाठी (घुमण्याच्या इफेक्टसाठी) वापरलेले इम्पल्स रिस्पॉन्स म्हणजे खोलीच्या घुमण्याच्या नमुन्याच्या फाइली, स्वतः बनवलेले प्रीसेट म्हणजे जपून ठेवलेली सेटिंग, वाद्यांच्या मोठमोठ्या लायब्ररी आणि खुद्द प्लग-इन हे सगळं प्रोजेक्टच्या बाहेर, कम्प्युटरच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत पडलेलं असतं.

पायरी १: काय काय आहे त्याची यादी

कम्प्युटरवरचे सगळे प्रोजेक्ट शोधून काढा. तुमच्या सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट-फाइलला जे एक्स्टेन्शन असतं ते सर्चमध्ये टाकलं की डेस्कटॉपवर, डाउनलोड्समध्ये, जुन्या एक्स्टर्नल ड्राइव्हवर विसरलेले प्रोजेक्टही वर येतात. प्रत्येकाची एक ओळ लिहा: नाव, कुठे आहे, कुठल्या सॉफ्टवेअरच्या कुठल्या आवृत्तीत केलाय, आणि पुढे काम करायचं आहे की नुसता जपून ठेवायचा आहे. ही शेवटची नोंद फार उपयोगी पडते, कारण प्रत्येक प्रोजेक्टवर सारखीच मेहनत घेण्याची गरज नसते.

यादी करताना क्लाउडवरचे फोल्डर बघून घ्या. विंडोजवर वनड्राइव्ह आणि मॅकवर आयक्लाउड जागा वाचवण्यासाठी फाइल ऑनलाइन ठेवून कम्प्युटरवर फक्त तिचं नाव आणि आयकॉन दाखवू शकतात. डॉक्युमेंट्स फोल्डर तुमच्या फारसं लक्षात न येता वनड्राइव्हमध्ये गेलेला असणं अगदी नेहमीचं आहे, आणि बरीच सॉफ्टवेअर प्रोजेक्ट तिथेच ठेवतात. नावाशेजारी ढगाचं चिन्ह दिसलं तर त्या फोल्डरवर राइट क्लिक करून तो कायम या कम्प्युटरवर ठेवण्याचा पर्याय निवडा आणि सगळं उतरेपर्यंत थांबा.

पायरी २: प्रत्येक प्रोजेक्ट एका फोल्डरमध्ये गोळा करा

विखुरलेल्या फाइली हाताने शोधत बसू नका. जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये यासाठी तयार आज्ञा असते. एबलटन लाइव्हमध्ये 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह'. रीपरमध्ये 'सेव्ह प्रोजेक्ट ॲज' केल्यावर जी खिडकी उघडते तिच्या तळाशी सगळा मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करण्याची चौकट असते. तिथे टिक करा. क्यूबेसमध्ये 'बॅकअप प्रोजेक्ट'. प्रो टूल्समध्ये 'सेव्ह कॉपी इन' निवडून त्यात सगळ्या ऑडिओ फाइलींवर टिक. लॉजिकमध्ये फाइल मेनूतल्या 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट'खाली 'कॉन्सॉलिडेट'. एफएल स्टुडिओत एक्स्पोर्टमध्ये 'झिप्ड लूप पॅकेज'.

हे करताना न वापरलेल्या फाइली काढून टाकायचा पर्याय समोर येतो. तो आत्ता नाकारा. गायकाने घेतलेले पाच टेक (तोच भाग पुन्हा पुन्हा गाऊन केलेली रेकॉर्डिंग), त्यातला तुम्ही वापरलेला एक. उरलेले चार सॉफ्टवेअरच्या दृष्टीने कचरा असतात. पण वापरलेल्या टेकमधला एक शब्द पुढे खटकला तर तो दुरुस्त करायला त्या चारांतलाच एखादा उपयोगी पडतो. जागेची भीती असेल तर हिशोब करून बघा: २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर एका मोनो ट्रॅकचा एक मिनिट साधारण ८.६ एमबी घेतो. पाच मिनिटांचं गाणं, दहा मोनो ट्रॅक, म्हणजे ४३० एमबीच्या आसपास. टेक पाचपट असले तरी आजच्या हार्ड डिस्कपुढे ते काहीच नाही. साफसफाई करायची असेल तर स्थलांतर पूर्ण झाल्यावर, शांतपणे.

गोळा करून झालं की परीक्षा घ्या. ही छोटी युक्ती नवीन लोकांना कुणी सांगत नाही आणि तिच्यामुळे बहुतेक घोटाळे वेळीच पकडले जातात. सॉफ्टवेअर बंद करा. तुमच्या सॅम्पलच्या मूळ फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला, एक्स्टर्नल ड्राइव्ह लावलेला असेल तर तो नीट इजेक्ट करून काढा. आता गोळा केलेली प्रत उघडा. फाइल सापडत नसल्याची तक्रार आली नाही आणि सगळे ट्रॅक वाजले, तर प्रोजेक्टच्या आवाजाच्या फाइली खरंच त्याच्यासोबत आहेत. तक्रार आली, तर नेमकी कुठली फाइल बाहेर राहिली तेही तिथेच कळतं. मग फोल्डरचं नाव पूर्ववत करून ती फाइल आत आणा. काही सॅम्पलर प्लग-इनमध्ये टाकलेली सॅम्पल या आज्ञांनी गोळा होत नाहीत, तीही याच परीक्षेत उघडी पडतात.

पायरी ३: साधे वेव्ह काढून ठेवा

वेळ कमी असेल आणि एकच पायरी करता येणार असेल, तर माझ्या मते ती हीच असावी.

प्रोजेक्ट फाइल कितीही नीट जपली तरी ती उघडायला तेच सॉफ्टवेअर आणि तेच प्लग-इन लागतात, आणि ते कायम टिकत नाहीत. २०१९ मध्ये मॅकच्या कॅटालिना आवृत्तीने ३२ बिटचे प्रोग्रॅम चालवणं बंद केलं आणि कितीतरी जुने प्लग-इन तिथेच संपले. २०२० पासून ॲपलने मॅकमध्ये स्वतःचे प्रोसेसर घालायला सुरुवात केली, तेव्हा पुन्हा तीच धावपळ झाली. उलट वेव्ह, म्हणजे आवाजाची साधी, न दाबलेली फाइल, कुठल्याही कम्प्युटरवर, कुठल्याही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये उघडते. प्रत्येक ट्रॅकचा एक वेव्ह असेल, तर सॉफ्टवेअर बदललं, प्लग-इन गेलं, तरी गाणं पुन्हा मिक्स करता येतं.

पद्धत अशी. सगळे ट्रॅक वेगवेगळ्या फाइलींत एक्स्पोर्ट करा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हे एकाच वेळी होतं. प्रत्येक फाइल गाण्याच्या अगदी पहिल्या बिंदूपासून सुरू झाली पाहिजे, मग त्या ट्रॅकवर पहिले दोन मिनिटं शांतता का असेना. असं केलं तरच पुढे कुठेही या फाइली एकाखाली एक ठेवल्या की आपोआप जुळतात. एखादी फाइल मधूनच सुरू केलीत, तर ती नेमकी कुठे बसायची हे सांगणारं काहीच राहत नाही. शेवटाला रिव्हर्बची शेपटी पूर्ण विरेपर्यंत जागा सोडा.

सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा, जसा ४८ किलोहर्ट्झ) प्रोजेक्टचा आहे तोच ठेवा. बिट डेप्थ (प्रत्येक नमुना किती बारकाईने नोंदवायचा) २४ किंवा ३२ फ्लोट. मोनो ट्रॅक मोनोच राहू दे. नॉर्मलाइज (प्रत्येक फाइलचा आवाज आपोआप ठराविक पातळीपर्यंत वाढवणं) बंद ठेवा, नाहीतर ट्रॅकचं एकमेकांशी असलेलं प्रमाण बिघडेल. मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या चॅनेलवर) लिमिटर किंवा कॉम्प्रेसर, म्हणजे आवाजाची पातळी दाबणारा इफेक्ट असेल तर ट्रॅक काढताना तो तात्पुरता बंद (बायपास) करा. एमपी३ मध्ये काढू नका; त्यात आवाजाचा काही भाग कायमचा टाकून दिला जातो.

इफेक्टसह काढायचे की इफेक्टविना? पुढे काम करायच्या प्रोजेक्टसाठी दोन्ही. इफेक्टसह काढलेल्या फाइली तुम्ही घडवलेला आवाज जपतात, आणि इफेक्टविना काढलेल्या फाइलींमुळे उद्या तुमचा कान बदलला तर नव्याने मिक्स करता येतो. नुसत्या जपून ठेवायच्या प्रोजेक्टसाठी इफेक्टसह काढलेल्या पुरतात. सॉफ्टवेअरमधल्या वाद्यांचे ट्रॅक मात्र न चुकता आवाजाच्या रूपात काढा, कारण तिथे मुळात रेकॉर्ड केलेला आवाज नसतोच. सूर आणि वेळ सांगणाऱ्या मिडीच्या नोंदी असतात आणि आवाज प्लग-इन तयार करतं. त्यासोबत मिडीची फाइलही एक्स्पोर्ट करा. मिडी १९८३ पासूनचं मानक आहे आणि आजही सगळीकडे चालतं, त्यामुळे तोच पियानो उद्या दुसऱ्या वाद्यावर वाजवून बघता येईल.

याच फोल्डरमध्ये आणखी दोन गोष्टी टाका. एक, मास्टरवरच्या सगळ्या इफेक्टसह पूर्ण गाण्याचा स्टिरिओ मिक्स. दुसरी, साध्या मजकुराची एक फाइल: टेम्पो, ताल, पट्टी, सॅम्पल रेट, वापरलेले प्लग-इन, टेम्पो मधे बदलत असेल तर कितव्या बारला. महत्त्वाच्या प्लग-इनच्या सेटिंगचे स्क्रीनशॉट काढून ठेवलेत तर आणखी चांगलं. दुसऱ्या कंपनीच्या इक्वलायझरवरही आकडे बघून जवळपास तोच आवाज उभा करता येतो.

मग रिकाम्या प्रोजेक्टमध्ये हे वेव्ह शून्यापासून लावून एकदा ऐका. सुरुवात, मध्य, शेवट. एखादा ट्रॅक म्यूट असतानाच एक्स्पोर्ट झालेला असतो, आणि ते इथेच लक्षात येतं.

पायरी ४: प्लग-इन, लायसन्स आणि प्रीसेट

प्लग-इनची फाइल एका कम्प्युटरवरून दुसऱ्यावर कॉपी करून सहसा भागत नाही. ती पुन्हा इन्स्टॉल करावी लागते, कारण लायसन्सची नोंद आणि मदतीच्या फाइली दुसरीकडे असतात. म्हणून प्रत्येक प्लग-इनचं नाव, आवृत्ती, सिरियल नंबर आणि कुठल्या ईमेलवर घेतलं हे लिहून ठेवा. जुन्या आवृत्तीचं इन्स्टॉलर अजून मिळत असेल तर ते उतरवून बॅकअपमध्येच ठेवा. कंपन्या जुन्या आवृत्त्या काढून टाकतात.

विंडोजवरून मॅकवर जात असाल, किंवा उलट, तर प्रत्येक प्लग-इन तिकडे मिळतं का हे आधी तपासा. ऑडिओ युनिट्स प्रकारचे प्लग-इन फक्त ॲपलच्या मशीनवर चालतात आणि लॉजिकही फक्त तिथेच. अशा स्थलांतरात तिसऱ्या पायरीतले वेव्ह हाच मुख्य आधार असतो.

लायसन्सच्या बाबतीत क्रम सांभाळा. काही लायसन्स एकाच वेळी दोन कम्प्युटरवर चालतात, काहींना आधी जुन्या मशीनवरून मोकळं करावं लागतं. ज्यांना मोकळं करावं लागतं ते वेव्ह काढून झाल्यावरच मोकळे करा, नाहीतर ते प्लग-इन ना इकडे वाजेल ना तिकडे. आयलॉक या लायसन्स सांभाळणाऱ्या यंत्रणेचं लायसन्स कम्प्युटरवर ठेवलं असेल तर जुनं मशीन चालू असतानाच ते डिॲक्टिव्हेट करा. ते यूएसबी डोंगलवर (पेनड्राइव्हसारख्या किल्लीवर) असेल तर काहीच करायचं नाही, डोंगल उचलून नव्याला लावायचं.

स्वतः बनवलेले प्रीसेट लपलेल्या फोल्डरमध्ये असतात. मॅकवर तुमच्या नावाच्या फोल्डरमधल्या लायब्ररीत 'ऑडिओ' आणि त्यात 'प्रीसेट्स'. फाइंडरच्या 'गो' मेनूत ऑप्शन की दाबून धरली की ही लायब्ररी दिसते. विंडोजवर डॉक्युमेंट्समध्ये किंवा लपलेल्या 'ॲपडेटा'मध्ये बघा. रीपरमध्ये सोय आहे: ऑप्शन्स मेनूतून त्याचा रिसोर्स फोल्डर थेट उघडतो आणि तो पूर्ण कॉपी करता येतो, त्यात तुमचे शॉर्टकट आणि टेम्प्लेटही येतात.

पायरी ५: कॉपी

तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. हा ३-२-१ नियम छायाचित्रकार पीटर क्रॉघ यांच्यामुळे रूढ झाला, आणि आवाजाच्या फाइलींनाही तो तितकाच लागू पडतो. जुन्या मशीनवरची मूळ प्रत, एक एक्स्टर्नल ड्राइव्ह आणि क्लाउड असं धरलं तर नियम पुरा होतो. जुनं मशीन पुसल्यावर त्याची जागा नवं मशीन घेतं.

ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला असेल तर विंडोज आणि मॅक दोन्हीवर वाचता-लिहिता येतो. फॅट३२ टाळा, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. एनटीएफएसवर मॅक वाचू शकतं, पण त्याच्या मूळ सोयींनी लिहू शकत नाही. लॉजिक आणि गॅरेजबँडचे प्रोजेक्ट एक्सफॅटच्या ड्राइव्हवर टाकण्याआधी झिप करा, म्हणजे आतल्या फाइली सुट्या होणार नाहीत.

फाइलींच्या नावांकडेही बघा. कोलन, प्रश्नचिन्ह, तारांकन यांपैकी काही चिन्हं मॅक स्वीकारतं, विंडोज नाही. फोल्डरच्या आत फोल्डर असं खूप खोल गेलं, तर विंडोजच्या बऱ्याच प्रोग्रॅमना २६० अक्षरांपलीकडचा पत्ता झेपत नाही आणि नेमकी तीच फाइल कॉपीतून गळते.

फाइली कट करून हलवू नका, कॉपीच करा. झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि एकूण बाइट ताडून बघा. चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) तपासणारा कॉपीचा प्रोग्रॅम वापरलात तर उत्तमच, कारण संख्या जुळूनही एखादी फाइल आतून खराब झालेली असू शकते. आणि दोनचार वेव्ह त्या ड्राइव्हवरूनच थेट वाजवून ऐका.

पायरी ६: नव्या मशीनवर

आधी ऑडिओ इंटरफेसचा (माइक आणि वाद्यं कम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याचा) ड्रायव्हर टाका. तो नव्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी निघालेला आहे का, हे खरं तर मशीन घेण्याआधीच बघायला हवं. मग रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर, शक्यतो जुन्या मशीनवर होतं त्याच आवृत्तीचं. मग प्लग-इन, मग सॅम्पलच्या लायब्ररी. सगळं एकदम अपडेट करायचा मोह आवरा. आधी जुन्याच आवृत्तीत प्रोजेक्ट नीट उघडतात हे बघा, म्हणजे काही बिघडलं तर कशामुळे ते कळेल. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत सहसा उघडत नाही, म्हणून पहिल्यांदा उघडल्यावर नेहमी वेगळ्या नावाने सेव्ह करा.

फाइल सापडत नाही असा निरोप आला तर घाबरू नका. सॉफ्टवेअर शोधायची जागा विचारतं. गोळा केलेला फोल्डर दाखवलात की बाकीच्या फाइली ते बहुधा स्वतःच शोधतं. प्लग-इन सापडत नसेल तर तो प्रोजेक्ट तसाच मूळ नावाने सेव्ह करू नका. काही सॉफ्टवेअरमध्ये गायब प्लग-इनची सेटिंग त्यात निघून जाऊ शकतात.

आवाज तोच आहे का, हे कानावर सोडायचं नसेल तर एक नेमकी चाचणी आहे. जुन्या मशीनवर काढलेला स्टिरिओ मिक्स आणि नव्यावर काढलेला मिक्स दोन ट्रॅकवर शून्यापासून लावा. एकाची पोलॅरिटी उलटी करा (म्हणजे लहरीचा चढ तिथे उतार होतो) आणि दोन्ही एकत्र वाजवा. दोन्ही तंतोतंत सारखे असतील तर पूर्ण शांतता होते. काही ऐकू आलं तर जे ऐकू येतंय तोच फरक: फक्त पियानो ऐकू आला, तर पियानोच्या प्लग-इनची आवृत्ती किंवा लायब्ररी वेगळी आहे. रिव्हर्ब, कोरस किंवा सॉफ्टवेअरमधली काही वाद्यं दर वेळी थोडी वेगळी वाजतात, त्यामुळे त्यांची पुसटशी कुजबूज राहिली तर काळजी करण्याचं कारण नाही.

जुनं मशीन लगेच पुसू नका. नव्यावर दोन-तीन खरी कामं, नवं रेकॉर्डिंग धरून, पूर्ण होऊ देत. यादीतल्या प्रत्येक प्रोजेक्टपुढे 'नव्यावर उघडून ऐकला' अशी खूण झाली, लायसन्स मोकळे झाले आणि एक्स्टर्नल ड्राइव्हवरची प्रत पुन्हा एकदा तपासून झाली, की जुन्या मशीनवरच्या सगळ्या खात्यांमधून साइन आउट करा आणि मग डिस्क फॉरमॅट करा.